दोन होस्टच्या क्लस्टरवर लायसन्सचा हिशेब कसा ठेवावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीत व्हीएमवेअरचा (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) दोन होस्टचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या दोन प्रत्यक्ष सर्व्हरचा, क्लस्टर आहे आणि प्रत्येक होस्टमध्ये १६ कोरचे दोन प्रोसेसर आहेत. त्यांवर विंडोज सर्व्हरच्या आठ व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रे, चालतात. त्यांपैकी एकीवर ईआरपीचा (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर आहे आणि एकीवर कॅडचा, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा, लायसन्स सर्व्हर. मध्यंतरी एक होस्ट बंद पडला, सगळ्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू झाल्या, परंतु लायसन्स सर्व्हरची सेवा चालू दिसत असूनही डिझाइन विभागात कॅड उघडेना आणि दिवसभर काम ठप्प झाले. त्याच सुमारास एका सॉफ्टवेअर कंपनीकडून वापराचा तपशील मागणारा मेल आला. आता तिसरा होस्ट घ्यायचा विचार सुरू आहे आणि प्रश्नकर्त्याला लायसन्स सांभाळणारे एखादे भरवशाचे टूल हवे आहे.

टूल सुचवण्याआधी प्रश्नाची फोड करणे मला आवश्यक वाटते, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट हक्काची: अमुक सॉफ्टवेअर अमुक यंत्रावर चालवण्याचा अधिकार कंपनीने विकत घेतला आहे का, आणि तो दाखवणारा कागद हाताशी आहे का. दुसरी गोष्ट ॲक्टिव्हेशनची: सकाळी नऊ वाजता डिझायनरने आयकॉनवर क्लिक केल्यावर सॉफ्टवेअर उघडते का. या दोन गोष्टी एकमेकींची हमी देत नाहीत. विंडोजच्या व्हीएममध्ये सगळे व्यवस्थित ॲक्टिव्हेट झालेले दिसत असतानाही ती व्हीएम हक्काविना चालत असू शकते, आणि कॅडचे पैसे शेवटच्या रुपयापर्यंत भरलेले असतानाही ते उघडत नाही, हे तुम्ही नुकतेच अनुभवले. दोन्ही अडचणींच्या मुळाशी मात्र एकच कारण आहे: व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर जाते, आणि लायसन्स ज्या वस्तूला बांधलेले असते ती वस्तू तिच्याबरोबर जात नाही. म्हणून माझ्याकडे नवीन ग्राहक आला की मी प्रत्येक लायसन्सबाबत पहिल्यांदा एवढेच विचारतो की हे नेमके कशाला बांधलेले आहे. होस्टला, कोरला, वापरणाऱ्या माणसाला, नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला (कार्डाच्या ओळख क्रमांकाला), की यूएसबी डाँगलला (यंत्राला खोचायच्या लायसन्सच्या किल्लीला)?

पुढे जे लिहितो आहे त्यातील बराचसा भाग तुमच्या करारांवर अवलंबून आहे, हे आधी सांगायला हवे. लायसन्स सर्व्हरबरोबर ओईएम स्वरूपात आले आहे की व्हॉल्यूम (एकगठ्ठा खरेदीच्या) करारात घेतले आहे, त्यावर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टची मुदतीची जोड-योजना) चालू आहे का, आणि खरेदीच्या वेळी कोणत्या अटी लागू होत्या, यानुसार उत्तर बदलते. विक्रेत्याने फोनवर सांगितलेले ‘चालतं हो सर’ हे उत्तर यांत धरू नये. ते ज्या दिवशी उपयोगी पडायला हवे त्या दिवशी तो विक्रेता दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

विंडोज सर्व्हरपासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठी रक्कम आणि सर्वांत जास्त गैरसमज तेथेच असतात. विंडोज सर्व्हर २०१६ पासून हे लायसन्स प्रत्यक्ष कोरच्या संख्येवर मिळते. प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोर धरावे लागतात, आणि होस्टमधील सर्वच्या सर्व कोर मोजावे लागतात. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारे दुप्पट आकडे मोजायचे नसतात. स्टँडर्ड आवृत्तीत होस्टचे सगळे कोर एकदा लायसन्स केले की त्या होस्टवर विंडोजच्या दोन व्हीएम चालवण्याचा हक्क मिळतो. आणखी दोन हव्या असतील तर सगळे कोर पुन्हा एकदा लायसन्स करावे लागतात. डेटासेंटर आवृत्तीत सगळे कोर एकदाच मोजायचे आणि त्या होस्टवर कितीही व्हीएम चालवायच्या.

लायसन्स व्हीएमला दिलेले नसून होस्टला दिलेले असते, ही यातली कळीची बाब आहे. सोसायटीतले पार्किंग जसे फ्लॅटला जोडलेले असते, गाडीला नाही, तसेच हे. त्यामुळे ‘आठ व्हीएम आहेत, म्हणून आठ व्हीएमपुरते लायसन्स घेतले’ हा हिशेब एकाच होस्टवर बरोबर ठरतो आणि क्लस्टरवर चुकतो. तुमच्याकडे एक होस्ट पडल्यावर आठही व्हीएम उरलेल्या होस्टवर चालल्या. म्हणजे प्रत्येक होस्टला आठ व्हीएमचा हक्क हवा होता. होस्टचे ३२ कोर, दोन-दोन व्हीएमचे चार थर, म्हणजे एका होस्टला १२८ कोर-लायसन्स आणि दोन्ही मिळून २५६. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात घेतलेले असतात ३२ अधिक ३२, आणि त्यातून नियमित दिवशी प्रत्येक होस्टवर दोनच व्हीएमचा हक्क मिळतो.

येथे कोणी असे म्हणेल की पडलेल्या होस्टचे लायसन्स तेवढ्यापुरते दुसऱ्या होस्टकडे वळवले असे समजू. मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार असे लायसन्स एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरकडे ९० दिवसांतून एकदाच वळवता येते. हार्डवेअर कायमचे निकामी झाले तर त्याला अपवाद आहे, पण पॉवर सप्लाय जळून होस्ट दोन दिवस बंद राहणे म्हणजे कायमचे निकामी होणे नव्हे. ओईएम लायसन्स तर ज्या सर्व्हरबरोबर आले त्याच्याबरोबरच संपते. जुना सर्व्हर भंगारात गेला की त्याचे स्टिकर काढून नव्यावर लावण्याला काहीही अर्थ नसतो.

मग २५६ कोर घ्यायलाच हवेत का? तसे नाही, आणि तुम्ही स्वतः निर्णय घ्यावा अशी ही जागा आहे. होस्ट पडल्यावर सगळ्या व्हीएम उठायलाच हव्यात का, हे आधी ठरवा. समजा नेहमी प्रत्येक होस्टवर चार व्हीएम चालतात आणि त्यांतल्या दोन खरोखर अत्यावश्यक आहेत. होस्ट पडल्यावर तेवढ्याच दोन दुसरीकडे उठवायच्या ठरवले तर एका होस्टवर जास्तीत जास्त सहा होतील, आणि लायसन्स ९६ अधिक ९६, म्हणजे १९२ कोरचे लागेल. त्यासाठी क्लस्टरच्या एचए (होस्ट पडल्यावर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) सेटिंगमध्ये बाकीच्या व्हीएमचे आपोआप रीस्टार्ट बंद ठेवावे लागते, आणि देखभालीसाठी होस्ट रिकामा करतानाही त्या व्हीएम हलवण्याऐवजी बंद करण्याची शिस्त पाळावी लागते. जुन्या अहवालांची व्हीएम किंवा टेस्टिंगची व्हीएम एक दिवस बंद राहिली तर कोणाचे अडते, हे विभागप्रमुखांकडून लेखी घेतले की हा निर्णय सोपा होतो.

दुसरा मार्ग ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन असेल तर विंडोज सर्व्हरचे लायसन्स व्हीएमच्या व्हर्च्युअल कोरवर घेता येते, प्रत्येक व्हीएमला किमान ८ कोर धरून. तुमच्या आठ व्हीएमला ६४ कोर होतात, आणि हे लायसन्स त्याच सर्व्हर फार्ममध्ये व्हीएमबरोबर होस्टवरून होस्टवर जाऊ शकते. आकडा लहान दिसतो, पण खर्च दरवर्षी चालू राहतो, म्हणून पाच वर्षांची बेरीज करूनच तुलना करावी. डेटासेंटरबाबत माझा ठोकताळा असा आहे: मायक्रोसॉफ्टच्या जाहीर किमतींत डेटासेंटर हे स्टँडर्डच्या सुमारे पावणेसहा पट पडते, म्हणजे एका होस्टवर दहा व्हीएमपर्यंत स्टँडर्डचे थर स्वस्त आणि अकराव्या व्हीएमपासून डेटासेंटर स्वस्त. आठ व्हीएमसाठी डेटासेंटर घ्या, असे कोणी सांगत असेल तर पुढच्या दोन वर्षांत व्हीएम किती वाढणार आहेत एवढे त्याला विचारा.

कॅलचा (क्लायंट ॲक्सेस लायसन्सचा) विषय छोटा आहे, पण विसरला जातो. विंडोज सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा प्रत्येक उपकरणाला कॅल लागते, आणि ते सर्व्हरच्या आवृत्तीइतके किंवा त्याहून नवे असावे लागते. २०१६ ची कॅल असताना सर्व्हर २०२२ केला की सगळ्या कॅल नव्याने घ्याव्या लागतात. विंडोज सर्व्हर २०१६ चा वाढीव सपोर्ट १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो आहे, त्यामुळे ही खरेदी अनेकांच्या अंदाजपत्रकात यायला हवी. शॉप फ्लोअरवर तीन पाळ्यांतले कामगार एकाच टर्मिनलवर नोंदी करत असतील तर तेथे डिव्हाइस कॅल घ्यावी. ऑफिसात लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही वापरणाऱ्यांना युजर कॅल परवडते. रिमोट डेस्कटॉपची कॅल वेगळी असते, आणि तिची १२० दिवसांची सवलत संपेपर्यंत काहीच जाणवत नाही.

एसक्यूएल सर्व्हरबाबत एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. कोरवर लायसन्स घेतले असेल तर व्हीएमला किमान ४ कोर धरावे लागतात आणि त्यापुढे जितके व्हर्च्युअल कोर तितके लायसन्स. एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून असे व्हीएमनिहाय लायसन्स घेण्यासाठी सॉफ्टवेअर ॲश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन असणे बंधनकारक आहे. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा: महिनाअखेरीला ईआरपी संथ झाला अशी तक्रार येते, ॲडमिन व्हीएमचे कोर चारवरून आठ करतो, तक्रार मिटते आणि सगळे खूश होतात. त्या एका क्लिकने चार कोर-लायसन्सची खरेदी ओढवलेली असते, आणि ती ना खरेदी विभागाला माहीत असते ना अकाउंट्सला. म्हणून लायसन्स कोरवर अवलंबून असलेल्या व्हीएमच्या नावापुढेच मी मंजूर कोरचा आकडा लिहून ठेवतो, म्हणजे आकडा बदलणाऱ्याला तो बदलताना दिसतो. आणि कोर वाढवण्यापूर्वी एकदा इंडेक्स आणि मेमरी पाहून घ्यावी. संथपणाचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. वापरणारे थोडे असतील तर स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हर अधिक कॅल हा पर्यायही आहे, त्यात कोर मोजावे लागत नाहीत.

तुमच्याकडे ओरॅकलचा डेटाबेस आहे असे तुम्ही लिहिलेले नाही. पुढे कधी आलाच तर तो या क्लस्टरवर ठेवू नका. ओरॅकलचे धोरण व्हीएमवेअरच्या विभागणीला सॉफ्ट पार्टिशनिंग मानते आणि व्हीएमला दिलेल्या कोरऐवजी ती जेथे चालू शकते त्या सगळ्या प्रत्यक्ष कोरचा हिशेब मागते. कराराच्या भाषेत हे कितपत बसते यावर वाद आहेत, पण भोसरीतल्या कंपनीने त्या वादात उतरण्यापेक्षा एक छोटा स्वतंत्र सर्व्हर घेणे शहाणपणाचे.

आता व्हीएमवेअर. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता सबस्क्रिप्शन आहे, तेही कोरवर, आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोर मोजले जातात. तुमच्याकडे जुने कायमस्वरूपी लायसन्स असेल तर त्याचा हक्क संपत नाही, परंतु सपोर्टचा करार संपल्यावर नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, आणि व्हीस्फिअर ७ चा (व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीचा) सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे आवृत्ती कोणती आहे ते आजच पाहा.

सबस्क्रिप्शनची मुदत चुकली तर काय होते हे ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे, कारण ते लगेच दिसत नाही. होस्ट व्हीसेंटरपासून (त्यांचे नियंत्रण करणाऱ्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरपासून) तुटतात, पण चालू असलेल्या व्हीएम चालूच राहतात. ईआरपी चालतो, कॅड चालते, कोणाचीही तक्रार येत नाही. मग एखाद्या गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज जाणार म्हणून सगळ्या व्हीएम व्यवस्थित बंद केल्या जातात, आणि संध्याकाळी त्या सुरू होत नाहीत, कारण मुदत संपल्यावर बंद व्हीएम पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून नियोजित शटडाउनच्या यादीत माझी पहिली ओळ लायसन्सची मुदत तपासण्याची असते, यूपीएसची त्यानंतर. विंडोजच्या इव्हॅल्युएशन (चाचणीच्या) आवृत्तीचे असेच आहे: १८० दिवस सगळे सुरळीत चालते आणि त्यानंतर सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद होऊ लागतो. तात्पुरती म्हणून उभी केलेली व्हीएम डोमेन कंट्रोलर (कंपनीतल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) होऊन बसली असेल तर तिची आवृत्ती थेट बदलताही येत नाही. आधी तिची ती भूमिका काढून घ्यावी लागते.

व्हीएमवेअरला पर्याय असलेल्या प्रॉक्समॉक्सवर जावे का, असा प्रश्न हल्ली या टप्प्यावर येतोच. ते मुक्त स्रोत आहे, त्याचे सबस्क्रिप्शन सॉकेटवर मिळते, आणि लहान क्लस्टरला ते चांगले चालते असा माझा अनुभव आहे. पण त्याने विंडोजचा वरचा हिशेब एका कोरनेही बदलत नाही, हे व्यवस्थापनाला खर्चाचा तक्ता दाखवताना स्पष्ट लिहावे.

ज्या घटनेमुळे तुमचा दिवस वाया गेला त्या कॅड लायसन्स सर्व्हरकडे आता येतो. तुम्ही सॉफ्टवेअरचे नाव दिलेले नाही, पण अभियांत्रिकीची पुष्कळ सॉफ्टवेअर फ्लेक्सनेटवर (लायसन्स वाटणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर) चालतात, म्हणून तेच गृहीत धरतो. त्याची लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिली ओळ सर्व्हरची असते: त्यात सर्व्हरचे नाव, मग होस्ट आयडी, म्हणजे बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, आणि शेवटी पोर्ट (सेवा नेटवर्कवर ज्यावर ऐकते तो क्रमांक), सहसा २७०००. फाइल त्या मॅक ॲड्रेसला बांधलेली असते. व्हीएमचा मॅक ॲड्रेस हा केवळ एका सेटिंगमधला आकडा आहे, आणि तो बदलला की फाइल निरुपयोगी होते.

तो बदलतो कसा? व्हीएमवेअरमध्ये एचएने व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवली तर मॅक सहसा तोच राहतो. परंतु व्हीएम बॅकअपमधून परत आणली, किंवा तिच्या फाइली हाताने दुसऱ्या स्टोरेजवर नेऊन नोंदवल्या, तर सुरू करताना ती विचारते की मला हलवले आहे की माझी प्रत काढली आहे. घाईत ‘प्रत’ असे उत्तर दिले की नवा मॅक आणि नवा यूयूआयडी (व्हीएमचा ओळख क्रमांक) मिळतो. हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टचे असेच सॉफ्टवेअर) तर हे आणखी सहज घडते: तेथे मॅक डायनॅमिक ठेवला असेल तर तो होस्टच्या स्वतःच्या साठ्यातून, ००-१५-५डी ने सुरू होणारा, दिला जातो, आणि दुसऱ्या होस्टवर गेल्यानंतर सुरू होताना तो बदलू शकतो. म्हणून लायसन्स सर्व्हरच्या व्हीएमला मॅक स्थिर द्यावा, तो नोंदवहीत लिहावा, आणि मगच त्या मॅकवर उत्पादकाकडून फाइल मागवावी. या व्हीएमला जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) मागे नेण्याचेही टाळावे. काही सॉफ्टवेअर यूयूआयडी तपासतात आणि घड्याळ मागे गेलेले दिसले तरी लायसन्स देणे थांबवतात. घड्याळाचा स्रोत डोमेन किंवा होस्ट यांपैकी एकच ठेवावा.

तुमच्या बाबतीत मला मात्र मॅकपेक्षा पोर्टचा जास्त संशय आहे, कारण तुम्ही लिहिले आहे की लायसन्स सर्व्हरची सेवा चालू दिसत होती आणि तरीही डिझायनरच्या मशीनला लायसन्स मिळत नव्हते. फ्लेक्सनेटमध्ये दोन प्रक्रिया असतात: मुख्य सेवा २७००० वर ऐकते आणि ती क्लायंटला उत्पादकाच्या स्वतंत्र सेवेकडे पाठवते. त्या दुसऱ्या सेवेचा पोर्ट फाइलच्या व्हेंडर ओळीत ठरवून दिला नसेल तर तो प्रत्येक रीस्टार्टला वेगळा निवडला जातो. अनेक महिने व्हीएम बंद झालेली नसते, फायरवॉलमध्ये कोणीतरी त्या वेळचा पोर्ट उघडून ठेवलेला असतो, आणि रीस्टार्टनंतर नवा पोर्ट अडतो. व्हेंडर ओळीत एक पोर्ट कायमचा लिहा, फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडा, सेवा पुन्हा सुरू करा, आणि सर्व्हरवरून नव्हे तर डिझायनरच्या मशीनवरून एलएमस्टॅट (लायसन्सची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. सर्व्हरवरून ते नेहमीच चालते. सेवेचा डिबग लॉग त्या दिवसाचा असेल तर तोही वाचा. पोर्टचा आकडा त्यात लिहिलेला सापडेल, आणि माझा अंदाज चुकला असेल तर तेही तेथेच कळेल.

तीन लायसन्स सर्व्हरची जोडणी करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्या रचनेत तिघांपैकी दोन सर्व्हर जिवंत असावे लागतात, आणि तिन्ही व्हीएम एकाच होस्टवर बसल्या तर त्या खटाटोपाचा काहीच उपयोग होत नाही. तीस-चाळीस डिझायनर असलेल्या कंपनीत एकच व्हीएम, स्थिर मॅक, चांगला बॅकअप आणि एचएमध्ये वरचा क्रम एवढे पुरेसे आहे. क्रम महत्त्वाचा: आधी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग लायसन्स सर्व्हर, मग बाकीचे. डाँगल असेल तर प्रश्न वेगळा होतो. होस्टच्या मागे खोचलेला डाँगल त्या होस्टबरोबर पडतो, आणि हायपर-व्ही तर यूएसबी उपकरण व्हीएमला थेट देतच नाही. अशा वेळी यूएसबी नेटवर्कवरून देणारा छोटा डबा घ्यावा किंवा डाँगलचे लायसन्स एखाद्या साध्या डेस्कटॉपवर ठेवावे. दुसरा पर्याय जुनाट वाटला तरी मी तो काही ठिकाणी मुद्दाम निवडला आहे.

विंडोजच्या ॲक्टिव्हेशनबद्दल थोडक्यात. एमएके की (अनेक यंत्रांसाठीची ॲक्टिव्हेशन की; वरच्या मॅक ॲड्रेसशी तिचा संबंध नाही) प्रत्येक ॲक्टिव्हेशनला मोजली जाते आणि क्लोन करत राहिलात तर संपते. केएमएस सर्व्हरला (कंपनीच्या आतच ॲक्टिव्हेशन देणाऱ्या सर्व्हरला) किमान पाच सर्व्हर लागतात, त्याचे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि मशीन दर सात दिवसांनी १६८८ पोर्टवर नूतनीकरणाचा प्रयत्न करते. म्हणजे केएमएस बंद पडल्याचे तुम्हाला सहा महिन्यांनी कळू शकते. तुमच्या आठ व्हीएमला दोन्ही चालेल. फक्त, आधी म्हटल्याप्रमाणे, ॲक्टिव्हेशनचा आकडा हक्काचा पुरावा म्हणून वापरू नका.

आता टूल. तीन होस्टपर्यंत माझे उत्तर एक्सेलचा तक्ता आणि दर महिन्याला आरव्हीटूल्समधून काढलेली यादी हे आहे. आरव्हीटूल्स होस्ट, सॉकेट, कोर आणि व्हीएम यांचा तपशील थेट एक्सेलमध्ये देते. पुढे यंत्रे वाढली तर जीएलपीआय हे मुक्त स्रोत साधन चांगले आहे. महागडे टूल शोधून देईल ते एवढेच की काय बसवलेले आहे. काय विकत घेतलेले आहे हे ते शोधू शकत नाही, कारण ते अकाउंट्सच्या कपाटात आणि कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये असते. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक खरेदी, असे मी ठेवतो: काय घेतले, किती कोर किंवा किती माणसे, कशाला बांधलेले, कोणत्या होस्टला दिले आणि कोणत्या तारखेला दिले, मुदत कधी संपते, पीओ आणि इन्व्हॉइसचा क्रमांक. ‘कोणत्या तारखेला दिले’ हा रकाना ९० दिवसांच्या अटीसाठी लागतो आणि नेमका तोच कोणी ठेवत नाही. इन्व्हॉइस आणि लायसन्सचे प्रमाणपत्र स्कॅन करून सामायिक फोल्डरमध्ये टाकावे. उत्पादकाच्या पोर्टलवरचे खाते व्यक्तीच्या नावाने न काढता कंपनीच्या सामायिक मेलवर काढावे. ॲडमिन नोकरी सोडून गेल्यावर त्याच्या बंद झालेल्या मेलवर नूतनीकरणाच्या सूचना येत राहतात, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे. आणि जमल्यास नूतनीकरणाच्या तारखा मार्चअखेरीपासून दूर न्याव्यात. त्या आठवड्यांत अकाउंट्स विभाग वर्षअखेरीत गुंतलेला असतो आणि १८ टक्के जीएसटीसह येणारे मोठे बिल मंजूर व्हायला एप्रिल उजाडतो, तोवर मुदत उलटलेली असते.

त्या मेलबद्दल. प्रथम तो कोणी पाठवला आहे ते पाहा: उत्पादकाने करारातील कलमाचा हवाला देऊन पाठवलेली औपचारिक ऑडिटची सूचना, की विक्री साखळीतल्या कोणाचे माहिती मागणारे पत्र. दोन्हींना उत्तर द्यावे, पण दुसऱ्याबाबत तुमच्यावर तितके बंधन नसते. त्यांनी पाठवलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवण्याआधी स्वतःची मोजणी पूर्ण करा. घाबरून व्हीएम पुसू नका किंवा सॉफ्टवेअर काढू नका. खुणा राहतात आणि हेतूबद्दल शंका निर्माण होते. तूट आढळली तर ती व्यवस्थापनासमोर आकड्यांसह मांडा आणि खरेदीची तारीख ठरवून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तुमची तूट बहुधा मोजणीतली आहे, चोरीची नाही, आणि असे प्रश्न सहसा खरेदीने मिटतात. पण हे कलम मालकांना एकदा वाचून दाखवले की फाइल टेबलावर पडून राहत नाही. उत्तर एकाच व्यक्तीने, लेखी आणि विचारले तेवढेच द्यावे.

राहिला तिसरा होस्ट. त्याची खरेदी अद्याप झालेली नाही हे बरेच आहे, कारण लायसन्सचा खर्च प्रोसेसर निवडतानाच ठरतो. दोन सॉकेटमध्ये ८-८ कोरचे स्वस्त प्रोसेसर घेतले तर विंडोज १६ कोर मोजेल, पण व्हीएमवेअर ३२ चे पैसे घेईल. एकाच सॉकेटमध्ये १६ कोरचा, जास्त वेगाचा प्रोसेसर घेतला तर दोन्हीकडे १६ च मोजले जातात, आणि एसक्यूएलच्या व्हीएमला कमी कोरमध्ये जास्त काम मिळते. तिसऱ्या होस्टवर विंडोजच्या व्हीएम जाऊच द्यायच्या नसतील, तर क्लस्टरमध्ये तसा सक्तीचा नियम लावून तेथे लिनक्सच्या व्हीएम आणि बॅकअप ठेवता येतील आणि विंडोजचे नवे लायसन्स लागणार नाही. नियम ‘शक्यतो’ या प्रकारचा लावू नका. होस्ट पडल्यावर गरज भासली तर एचए तो मोडू शकते. त्याआधी मला तीन गोष्टी कळवा: विंडोजचे सध्याचे लायसन्स ओईएम आहे की व्हॉल्यूम, लिनक्सच्या व्हीएम किती आहेत, आणि आठ विंडोज व्हीएमपैकी होस्ट पडल्यावर कोणत्या चार उठल्याच पाहिजेत. त्यावरून तिसऱ्या होस्टचा कोरचा आकडा नक्की सांगता येईल.